खुट्यापाशी दहा मिनिटं

पूर्णेच्या रेल्वे मैदानावर बाहेरगावचा फुटबॉलचा संघ पहिल्यांदा आला की त्यातला कुणी ना कुणी विचारायचाच, हा खुटा कशाला ठोकलाय? मधली रेषा जिथं संपते तिथून चार पावलं बाहेर बाभळीचा हातभर खुटा होता. त्याला निशाण नाही, दोर नाही. माझा अंगठा एकदा त्याला ठेचकाळून फुटला आहे. आम्ही पूर्णेकर फार काही सांगत नसू. म्हणायचो, खेळा, कळेल.

कळायचंच. कुणी कुणाला मागून पाडलं, कोपर मारलं किंवा पंचाचा बाप काढला, की येडबाची शिट्टी वाजायची. येडबा रेल्वेत ट्रॅकमन आणि आमच्या मैदानाचा पंच. रुळावर वाकून काम करणाऱ्या गँगला गाडी आल्याचं सांगायची ती शिट्टी, तिच्या आवाजानं माणूस आधी बाजूला उडी मारतो आणि मग विचार करतो. येडबा त्या खेळाडूजवळ जायचा आणि नुसतं बोट दाखवायचा. “खुट्याला.” मग तो गडी कितीही तालेवार असो, खुट्यापाशी जाऊन मांडी घालून बसायचा. दहा मिनिटं. तेवढा वेळ त्याचा संघ एक माणूस कमी घेऊन खेळायचा. वेळ भरली की येडबा खेळ थांबवून स्वतः खुट्यापर्यंत चालत जायचा, त्या गड्याचं मनगट धरायचा आणि त्याला मैदानात आणून सोडायचा. सव्वीस वर्षं हे असंच चाललं.

हा नियम त्यानं कुठल्या पुस्तकात वाचला नव्हता. येडबा धनगराचा. पिढ्यान्‌पिढ्या घरात मेंढरं, नोकरीला लागलेला तो पहिलाच. कळपातला एखादा एडका मस्तीला आला, दुसऱ्यांना धडका द्यायला लागला, तर त्याच्या घरी त्या एडक्याला विकत नसत आणि मारतही नसत. खुट्याला बांधत. बांधल्यावर कुणी त्याच्याकडं बघायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, पाठ करून बसायचं. बघितलं की त्याची रग वाढते म्हणे. रग उतरली की ज्यानं बांधलं त्यानंच सोडायचं, दुसऱ्यानं नाही. आणि सोडून नुसतं हाकलायचं नाही, हातानं धरून कळपात नेऊन घालायचं, म्हणजे बाकीची मेंढरं त्याला परकं समजत नाहीत. येडबाचा सगळा फुटबॉल एवढ्यावर उभा होता.

मी ईश्वरअप्पा. स्टेशनरोडला माझं भुसाराचं दुकान आहे आणि फुटबॉल मंडळाचा मी चिटणीस. चेंडूला मी आयुष्यात कधी लाथ मारलेली नाही. ज्याला खेळता येत नाही त्याला चिटणीस करायची आपल्याकडं पद्धतच आहे. सकाळची लिंगपूजा झाली की मी दुकान उघडायचो, आणि ड्यूटी संपवून येडबा आला की डाळीच्या पोत्यावर बसून आम्ही रविवारचा सामना ठरवायचो. तो मला अप्पा म्हणायचा, मी त्याला नुसतं येडबा.

खुट्याचा गैरफायदा घेणारेही होते, खोटं कशाला बोलू? आमच्याकडचा सोनू नावाचा एक जाडजूड गडी दम लागला की मुद्दाम कुणाचा तरी शर्ट ओढायचा आणि खुट्यापाशी बसून वारा खायचा. येडबाला हे तिसऱ्या खेपेला कळलं. त्यानं सोनूला बसवलं आणि सामना संपेपर्यंत तिकडं फिरकलाच नाही. सोनू तिथून ओरडतोय, “ओ बापू, दहा मिनटं झाली की!” आणि येडबा म्हणतोय, “तुला दम लागलाय न्हवं? घे मंग दम.” त्यानंतर सोनूचा दम कायमचा टिकला.

हे सगळं मी हसत हसत सांगतोय, पण या माणसाचं वाटोळं माझ्या हातून झालं. ते आता सांगतो.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या स्पर्धेला जिल्ह्याच्या निवड समितीची माणसं यायचं ठरलं. इतक्या वर्षांत कुणी फिरकलं नव्हतं, आणि आता आमच्या मैदानावरून दोन पोरं जिल्ह्याच्या संघात घेणार होते. तिथून पुढं खेळाच्या कोट्यातून रेल्वेची नोकरी मिळायची वाट होती. समितीचे किशनराव माझ्या दुकानात येऊन चहा पिऊन गेले. जाताना म्हणाले, “अप्पा, सगळं नियमानं पाहिजे. ते खुटाबिटा दिसलं तर मी खुर्चीवरून उठून जाईन.”

मी नियमांचं पुस्तक मागवलं. त्याला खाकी कागदाचं वेष्टण घातलं, वर सुवाच्य अक्षरात मंडळाचं नाव लिहिलं. पुस्तक हातात आलं की आमच्यासारख्याच्या अंगात काय संचारतं कोण जाणे! दोन रात्रींत पाठ केलं आणि मग दुकानातच बैठक बोलावली.

“लाल म्हणजे लाल,” मी म्हणालो. “खेळाडू बाहेर. त्या सामन्यात परत नाही आणि पुढच्या सामन्यातही नाही.”

येडबा पोत्यावर बसून ऐकत होता. म्हणाला, “अप्पा, मी जिंदगीभर रुळावर लाल झेंडी दाखवली. लाल बघून गाडी थांबती. रूळ नीट केला की आमी हिरवी दाखवतो, मंग ती जाती. लाल दाखवून गाडी कोन माघारी धाडतंय का?”

सगळे हसले. मीही हसलो असतो, पण पुस्तक माझ्या हातात होतं. मी म्हणालो, दहा मिनिटं मोजणार कोण? माणूस कमी झाला की तो संघ तेवढा वेळ गोलापुढं गर्दी करून उभा राहतो, खेळ मरतो, लोक कंटाळतात. आणि सोनूसारखे असतातच. हे सगळं खरं होतं. आजही जगात कुणी या नियमाच्या विरोधात बोलतो तेव्हा साधारण हेच बोलतो, आणि ते चूक नाही.

“गलतीची सजा असावी,” येडबा म्हणाला. “पर सजा संपायला पायजे ना, अप्पा. तिला शेवट नसंल तर ती सजा कशाची?”

तरी तो कबूल झाला. कारण एकच, हरिओम. त्याचा एकुलता एक पोरगा, वय एकोणीस. डाव्या पायाचा असा खेळाडू आमच्या मैदानानं पाहिला नव्हता. चेंडू त्याच्याकडं गेला की रेल्वेच्या शाळेची पोरं भिंतीवर चढून बसायची. स्पर्धा नियमानं झाली नाही तर निवड नाही, आणि निवड नाही तर हरिओम पुन्हा मामाच्या मेंढरांमागं. येडबा म्हणाला, “मंजूर. पर मपल्या पोराच्या सामन्याला मी शिट्टी धरनार न्हाई. ते तुमी बगा.”

मी म्हणालो, बघतो. परभणीचा पंच ठरवला. आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी माझ्या माणसांकरवी मी तो खुटा उपटून घेतला. जमिनीत मुठीएवढं भोक राहिलं, ते बुजवायचं कुणाला सुचलं नाही.

उपांत्य सामना गुरुवारी, सोनपेठच्या संघाशी. दुपारी तीनला सुरू व्हायचा, अडीचला परभणीच्या पंचाचा फोन आला की तापानं अंथरुणाला खिळलोय. किशनराव दोन सोबत्यांसह खुर्च्यांवर येऊन बसलेले. मी धावत येडबाकडं गेलो. तो नको म्हणाला. मी हात जोडले. सामना झाला नाही तर तुझ्याच पोराचं नुकसान आहे, असंही म्हणालो. सोनपेठचा कप्तान शेजारी उभा होता, तो म्हणाला, “येडबाबापू असतेल तर आमाला चालतंय.” मग त्यानं शिट्टी गळ्यात घातली. माझ्याकडून लाल आणि पिवळं कार्ड घेऊन खिशात ठेवलं. त्याच्या खिशाला ती सवय नव्हती, पळताना सारखी बाहेर डोकावत होती.

हरिओमनं पहिल्या अर्ध्या तासात एक गोल केला. त्यानंतर सोनपेठचा एक बचावपटू त्याच्या पायामागं लागला. एकदा घोट्यावर, एकदा पोटरीवर. येडबानं त्याला पिवळं दाखवलं. आमच्या नियमानं तो खुट्याला गेला असता आणि थंड होऊन परतला असता, पण पिवळं दाखवल्यावर होतं काय? काहीच होत नाही. पुढच्याच मिनिटाला त्यानं हरिओमच्या गुडघ्यामागं मारलं आणि वर त्याच्या आईवरून शिवी दिली. हरिओम उठला आणि त्यानं दोन्ही हातांनी त्याच्या छातीवर असं ढकललं की तो उताणा पडला आणि त्याचं डोकं आपटलं.

येडबानं शिट्टी वाजवली आणि तो जागेवर उभा राहिला. मग त्यानं रेषेबाहेर मी बसलो होतो त्या टेबलाकडं पाहिलं. सव्वीस वर्षांत त्यानं मैदानातून कधी माझ्याकडं पाहिलं नव्हतं. त्या नजरेत काय होतं ते मला नीट समजलं. तो विचारत होता, अप्पा, चालेल का? शेजारी किशनराव बसले होते. पुस्तक माझ्यापुढं होतं. मी मान आडवी हलवली.

येडबानं लाल कार्ड काढलं आणि पोराच्या तोंडापुढं धरलं.

हरिओम म्हणाला, “बापू, खुट्याला जातो मी. दहा मिनटं बसतो.” आणि बापाच्या उत्तराची वाट न बघता तो चालत गेला आणि त्या भोकापाशी मांडी घालून बसला. एकोणीस वर्षांचा, शिंगरासारखा उंच पोरगा, मातीतल्या रिकाम्या भोकाशेजारी खाली मान घालून बसला. तेव्हा तरी मी गप्प बसायला हवं होतं. पण बाहेर काढलेल्या खेळाडूनं रेषेजवळ थांबायचं नाही, असं पुस्तकात होतं. मी टेबलावरून ओरडलो, “हरिओम, तिथं बसता येत नाही. मैदान सोड!”

तो उठला. त्यानं बापाकडं पाहिलं. बापानं त्याच्याकडं पाठ केली.

पाठ करण्याचा अर्थ मला माहीत होता, कारण मला येडबानं तो डाळीच्या पोत्यावर बसून दहा वेळा सांगितला होता. पण हरिओम मेंढरांत वाढला नव्हता, तो रेल्वेच्या क्वार्टरात आणि शाळेत वाढला होता. मामाच्या मेंढरांमागं जायचा तो सुट्टीपुरता. बापानं पाठ फिरवली, एवढंच त्याला दिसलं.

सोनपेठचा तो बचावपटूही दुसऱ्या पिवळ्यावर बाहेर गेला आणि पूर्णा तो सामना जिंकली. अंतिम सामना रविवारी होता, त्यात हरिओम खेळू शकणार नव्हता.

आता येडबाची चूक ऐका. तशी चूक दुसरा कुणी करूच शकला नसता. दहा मिनिटांची शिक्षा असती तर त्यानं दहा मिनिटं पाठ केली असती. पण नव्या नियमात शिक्षा पुढच्या सामन्याच्या शेवटापर्यंत होती. म्हणून तो गुरुवार संध्याकाळपासून रविवार संध्याकाळपर्यंत पोराशी एक शब्द बोलला नाही. घरात भिंतीकडं तोंड करून जेवला. भिवराबाई, त्याची बायको, चिडली, “लेकराशी बोला की वो, असं काय करायलाव?” तर त्यानं नुसता हात हलवला. शनिवारी सकाळी तो माझ्या दुकानात आला. डोळे सुजलेले.

मी म्हणालो, “येडबा, घरी जाऊन पोराला जवळ घे.”

“मधीच सोडलं तर बांधल्याला अर्थ राहत न्हाई, अप्पा,” तो म्हणाला. “उद्या शेवटची शिट्टी वाजली की सजा संपली. मंग मी जातो आन्‌ हाताला धरून आनतो त्याला. किशनरावाच्या म्होरं नेऊन हुबा करतो. म्हनतो, मपलं पोरगं हाय, त्याची सजा झाली, आता बगा त्याच्याकडं.”

हे ऐकलेला जगात मी एकटा होतो. हरिओमला जाऊन सांगायला मला पाच मिनिटं लागली असती. मला वाटलं, बापलेकांचं आहे, आपण कशाला मध्ये पडा. एरवी मी कुणाच्याही मध्ये पडतो.

रविवारी अंतिम सामना येडबानंच चालवला, हरिओम त्यात नव्हता म्हणून. आम्ही हरलो. निवडीत आमचा एकही पोरगा आला नाही. शेवटची शिट्टी वाजवली आणि येडबा बक्षिसाला थांबला नाही, तसाच क्वार्टरकडं पळत सुटला. पन्नाशी उलटलेला माणूस, सामना संपवून पळत सुटला.

घरी हरिओम नव्हता. पिशवी नव्हती, दोन शर्ट नव्हते. भिवराबाई म्हणाली, कालच दुपारी गेलाय, तुमी मान वर करून बगताव कुटं, मामाकडं गेला असंल. मामाची मेंढरं तेव्हा देवगाव फाट्याजवळच्या रानात बसवलेली होती. येडबानं चहासुद्धा घेतला नाही, बसस्टँड गाठलं आणि मिळेल त्या एसटीनं निघाला. फाट्यावर उतरून अंधारात रानारानातून मेंढरं शोधली. मामा म्हणाला, इकडं आलाच नाही.

सोमवारी दुपारी तो परत आला तो थेट माझ्या दुकानात. चिखलानं भरलेले पाय, अंगावर पंचाचाच काळा शर्ट. त्यानं विचारलं, “अप्पा, तुमाला कुटं दिसला का मपला हरिओम?”

मी म्हणालो, “नाही.”

महिन्यानं भिवराबाईच्या फोनवर हरिओमचा फोन आला. सिकंदराबादला आहे, कामाला लागलोय, बापूला पत्ता देऊ नको. येडबानं फोन हातात घेतला की पलीकडून बंद व्हायचा. रेल्वेच्या पासावर येडबा तीनदा सिकंदराबादला गेला. ते शहर केवढं, हा माणूस केवढा. स्टेशनाबाहेरच्या हमालांना, टपरीवाल्यांना पोराचा फोटो दाखवत फिरायचा आणि दोन दिवसांनी परत यायचा. मी एकदा म्हणालो, भिवराबाईला सांग, तिनं फोनवर त्याला सगळं समजावून सांगावं. तो म्हणाला, “बांधलेलं फोनवर सुटत न्हाई, अप्पा. आन्‌ बांधलं म्या.”

शिट्टी त्यानं पुन्हा तोंडाला लावली नाही. निवृत्त झाल्यावर मैदानाकडच्या रस्त्यानं जाणंही सोडलं. खुटा परत ठोकतो म्हणून मी किती विनवण्या केल्या, तो ऐकून घ्यायचा आणि उठून जायचा.

दोन वर्षांमागं पेपरात एक बातमी आली. फुटबॉलचे नियम करणारी जगातली मोठी मंडळी निळ्या कार्डाचा विचार करत होती. पिवळं थोडं पडतं आणि लाल जास्त होतं अशा वेळी निळं दाखवायचं आणि खेळाडूला दहा मिनिटं बाहेर बसवायचं. विलायतेत खालच्या पातळीवर तसं खेळूनही पाहिलं होतं. दहा मिनिटं! आकडासुद्धा येडबाचाच. मी पेपर घेऊन दुकान उघडं टाकून त्याच्या घरी पळालो. बातमी मोठ्यानं वाचली. म्हणालो, “येडबा, तुझा खुटा जगानं मानला बघ.”

तो बाजेवर बसला होता. त्यानं पेपरावरची तारीख बघितली. मग म्हणाला, “अप्पा, हे त्या गुरवारी कामून न्हाई छापलं?”

मी पेपराची घडी केली. पुढं महिन्याभरात, इतक्यात तसं काही करायचं नाही असं त्या मंडळींनी ठरवल्याची बातमी आली, ती मी त्याला सांगितली नाही.

मला कुणी विचारत नाही, तरी सांगतो. कुणाचा पाय मोडणाऱ्याला घरी धाडावं, त्याला माझी हरकत नाही. पण पिवळं म्हणजे काहीच नाही आणि लाल म्हणजे सगळंच गेलं, या दोन्हींच्या मध्ये चिडलेल्या माणसाला बसायला जागा हवी. खेळ थोडा रेंगाळेल, कुणी सोनू वारा खाईल, लोक कंटाळतील. कंटाळू द्या! कंटाळ्यानं कुणाचं पोर घर सोडून जात नाही.

गेल्या मार्गशीर्षात येडबा गेला. सकाळी छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. हरिओमचा फोन लागत नव्हता. लागला तेव्हा माती होऊन दोन दिवस झाले होते. तो आईला म्हणाला, आता येऊन काय करू? पण पहिल्यांदाच त्यानं पत्ता सांगितला.

भिवराबाई माझ्या घरी आली. “अप्पा, दहाव्याला तरी त्याला आना. तुमचं ऐकंल तो. तुमी बापूचे दोस्त.” मी म्हणालो, बघतो. ती गेल्यावर माझी बायको चन्नबसम्मा म्हणाली, “रोज विभूती लावून बसताव, एक काम होईना का तुमच्याच्यानं?” तिला काही माहीत नव्हतं. तरी बोलली ते बरोबर बोलली.

त्या पत्त्यावर मी सिकंदराबादला गेलो. हरिओम पार्सलच्या गोदामात होता. सव्वीस वर्षांचा झालेला, दाढी, कपाळावर आठ्या. मला बघून त्यानं वाकून नमस्कार केला आणि समोरच्या टपरीवर नेऊन चहा सांगितला. तिथं बसून मी त्याला सगळं सांगितलं. एडका, खुटा, पाठ का करतात ते. बापानं त्या दिवशी माझ्याकडं कसं पाहिलं आणि मी मान कशी हलवली. शनिवारी बाप दुकानात काय म्हणाला ते, शब्दन्‌ शब्द. रविवारी शेवटची शिट्टी वाजवून तो तुलाच आणायला पळत सुटला होता, हेही.

त्याचा चहा तसाच राहिला. म्हणाला, “मला वाटलं, बापूनं मला काडून टाकलं.”

“नाही रे बाबा.”

“सात वर्सं झाली, अप्पा.”

मी म्हणालो, “तू एक दिवस थांबायचं होतंस. शनिवारीच निघून गेलास. एक दिवस फक्त.”

तेव्हा त्यानं मान वर केली.

“मी शनिवारी न्हाई गेलो,” तो म्हणाला. “शनिवारी दोस्ताच्या खोलीवर झोपलो. रविवारी दुपारपासून स्टेशनवर बसून होतो, फलाटाच्या पार शेवटच्या बाकड्यावर. बापूची शिट्टी ऐकू येत होती तिथं. सामना संपला, मला वाटलं आता येतेल. हैदराबादची गाडी आली, मी चढलो न्हाई. मंग तुमी आलाव, किशनरावाला गाडीत बसवायला.”

माझ्या हातातली बशी मी खाली ठेवली.

सोमवारी येडबाला मी “नाही” म्हणालो, ते खोटं होतं, आणि आत्ता हरिओमला शनिवारचं म्हणालो तेही. मी हरिओमला पाहिलं होतं. रविवारी संध्याकाळी, दिवे लागायच्या वेळी, चाळीस पावलांवरून. किशनराव म्हणत होते, त्या पोराचा डावा पाय चांगला होता, वाईट झालं. तेवढ्यात तो पोरगा मांडीवर पिशवी घेऊन बाकावर बसलेला मला दिसला. आमची नजरानजर झाली. मला त्याला तोंड दाखवायची लाज वाटली. मी मान फिरवली आणि किशनरावांची बॅग उचलून डब्यात ठेवली. येडबा तेव्हा बसस्टँडवर फाट्याच्या एसटीची वाट बघत उभा होता. तिथं चालत जायला मला दहा मिनिटंही लागली नसती. दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं तेव्हा आदल्या दिवशी गप्प बसल्याची लाज वाटली, म्हणून नाही म्हणालो. पुढं जितके दिवस गेले तितकं ते सांगणं अवघड होत गेलं.

“तुमी मला बगितलं,” हरिओम म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. “मला वाटलं, अप्पा आता जाऊन बापूला सांगताल. म्हून मी आनखी एक गाडी सोडली.”